बाईंच्या कबरीपाशी थांबलेली भिंत

बाई,

हे तुम्हाला लिहिते आहे. पण मला सभांची सवय, एकाच माणसाशी बोलणं मला कधी नीट जमलंच नाही. तेव्हा तुमच्या आजूबाजूला जे निजलेत त्यांनीही ऐकावं. लिंबाकडच्या रांगांमधल्या कॅथलिकांनो, कालव्याकडच्या रांगांमधल्या प्रोटेस्टंटांनो, आणि मधेमधे पुरलेल्या, नाव ठेवायच्या आधीच गेलेल्या लेकरांनो, तुमची सगळ्यांची तक्रार एकच असणार, आणि ती रास्त आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुमच्या मधून भिंत घालायचं ठरलं तेव्हा गावातल्या प्रत्येक जिवंत माणसानं तोंड उघडलं. जागा तुमची, पण तुमचं मत घ्यावं असं एकालाही सुचलं नाही. मी आयुष्यभर ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्या बाजूनं बोलत आले. या खेपेला ज्यांच्या बाजूनं उभी आहे ते कधीच हात वर करणार नाहीत.

बाई, तुम्ही गेलात तेव्हा आपलं कबरस्तान एकच होतं. श्रीरामपूरकडून येणाऱ्या रस्त्याला एक फाटक, आत लिंबाचं झाड, पलीकडे कालवा. कॅथलिक लोक लिंबापासून पुरत आले, प्रोटेस्टंट कालव्यापासून, आणि माणसं मरत गेली तशा रांगा एकमेकींकडे सरकत मधोमध भेटल्या. त्या भेटीच्या जागी तुम्ही दोघं आहात. सर कॅथलिकांच्या शेवटच्या रांगेत, तुम्ही त्यांच्या शेजारी, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या पहिल्या रांगेत. तेव्हा हे कुणी मोजलं नव्हतं. नवऱ्याशेजारी जागा होती, तिथं तुम्हाला ठेवलं. तुमच्या घरी फादरनी प्रार्थना केली, कबरीवर पाळकसाहेबांनी वाचन केलं आणि माती सगळ्यांनीच टाकली.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, कॅथलिकांनी नेहमीसारख्या मेणबत्त्या लावल्या. गवत कापलेलं नव्हतं. वारा कालव्याच्या दिशेनं होता. एक मेणबत्ती कलंडली आणि प्रोटेस्टंटांचे जुने लाकडी क्रूस जळाले. त्यात माझ्या आजोबांचाही होता. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूची पोरं म्हणाली, मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावणं बायबलात कुठं लिहिलंय? त्यांची पोरं म्हणाली, तुम्ही आमच्या मरियामातेला मानत नाही तेव्हाच आम्ही समजून होतो. हे सगळं मोबाईलवर चाललं होतं, एकाच गल्लीत राहणाऱ्यांचं. बाई, ज्या भांडणासाठी युरोपात शेदोनशे वर्षं माणसं जाळली, ते भांडण आमच्या गल्लीत एका मेणबत्तीनं आणलं. आणि हे कुणाचं? ज्यांचे आजे-पणजे एकाच वेशीबाहेरच्या वस्तीतून, एकाच विहिरीवर पाणी नाकारलं म्हणून, दोन वेगवेगळ्या मिशनांच्या दारात गेले त्यांचं. जे मिशन आधी आलं ते आपलं झालं, एवढाच तर फरक होता.

जानेवारीत दोन्ही मंडळींची बैठक झाली. मी बोलायला उभी राहिले. बाई, मी फार चांगलं बोलले. मागच्या वर्षी प्रार्थनासभेच्या फाटकावर येऊन, धर्मांतर चालतं म्हणून, ज्यांनी आरडाओरड केली त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का, की तुम्ही कॅथलिक आहात की प्रोटेस्टंट, असं मी विचारलं. जे एका भाकरीत देव बघतात त्यांना शेजारच्या ताटात माणूस दिसत नाही, असंही म्हणाले. या भिंतीची एकेक वीट आपल्या आज्यांच्या छातीवर बसणार आहे, असं म्हणाले. ज्याला भिंत हवी त्यानं इथं, सगळ्यांसमोर, उभं राहून तसं सांगावं, असं म्हणून मी थांबले. मग आमच्या बाजूचे दादा उठले. त्यांच्या मागोमाग समोरून दाजी उठले. मग एकेक करून सगळे. माझ्या भाषणाच्या आधी निम्म्या लोकांनी काही ठरवलेलं नव्हतं. मी त्यांना उभं राहायला सांगितलं, म्हणून त्यांना ठरवावं लागलं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, साखर कारखान्यातून रिटायर झालेला, आता आमच्या मंडळीचा पंच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॅथलिकांच्या कमिटीचे अध्यक्ष. तुम्हाला दोघंही आठवत असतील. दोघांनीही तुमच्या दारचे पेरू चोरलेत. भिंतीला निधी कुठून आला ते मी लिहीत नाही. निवडणुका जवळ आल्या की अशा कामांना निधी मिळतो, एवढं तुम्हाला पुरेल. रांगा भेटतात तिथून, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत दोरी लावली, चर खणला, दोन्ही टोकांकडून भिंत येऊ लागली आणि तुम्हा दोघांच्या कबरींपाशी येऊन थांबली. दोरी सरळ धरली तर बरोबर तुमच्या दोघांच्या मधून जाते.

गवंडी आपल्याच गावातले चाचा. त्यांनी थापी खाली ठेवली आणि मला निरोप धाडला. मी गेले तर दादा आणि दाजी आधीच तिथं वाद घालत होते.

"बाई आमच्याच हुत्या," दाजी म्हणाले. "दर रविवारी आमच्या देवळात मिसेला यायच्या. डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर. भिंत एक हात पलीकडं सरकवा, दोघं नवराबायको एकत्र ऱ्हातील. माणुसकी बी हाय का न्हाई?"

"मिसा सकाळी सातला आन् आमची उपासना दहाला," दादा म्हणाले. "सातची करून दहाला आमच्याकडं येऊन पेटी कोन वाजवायचं, तुमी? बाई आमच्या. दोरी हाय तशी ऱ्हाऊ द्या."

"म्हंजी नवरा-बायकोच्या मधी भिंत घालता?"

"मंग सरांना घ्या की हिकडं."

"सरांना? सरांचं बारसं आमच्या देवळात झालंय!"

चाचा म्हणाले, "अवो, तुमचं काय ते ठरवा. मला सुप्याला कंपनीच्या कंपाउंडचं काम हाय. ते लोक असं थांबून ऱ्हात न्हाईत." आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. दादा म्हणाले, "अक्का, तू बाईंची लाडकी. दवाखान्यात शेवटपर्यंत तूच हुतीस. तू सांग, बाई कुनाच्या?"

बाई, मला ते माहीत नाही.

त्या रात्रीपासून मला तुमचा तो तास सारखा आठवतो. श्रीरामपूरचं कॉलेज, पत्र्याचं छप्पर, बी.ए.चा इंग्लंडच्या इतिहासाचा पेपर. सगळं गाव तुम्हाला बाई म्हणायचं, कॉलेजात मॅडम म्हणायला माझी जीभ वळत नसे, म्हणून मी काहीच न म्हणता हात वर करायची. तुम्ही फळ्यावर युरोप काढता. स्पेन मोठा, फ्रान्स त्याहून जवळचा, आणि कोपऱ्यात खडूच्या दोन फटकाऱ्यांत इंग्लंड, सोळाव्या शतकातल्या कुमारी राणीचं. "ही एवढीशी," तुम्ही म्हणता. "तिजोरी रिकामी, सैन्य नाही, उत्तरेला शत्रूचं दार. आई बापानंच मारलेली. आणि गादीवर बसते तेव्हा अख्खा युरोप एकच प्रश्न विचारतो आहे, तू कुणाची? कॅथलिक की प्रोटेस्टंट? आता मला सांगा, तिनं काय उत्तर द्यावं?" मी हात वर करते आणि म्हणते, खरं ते द्यावं. तुम्ही हसता. "खरं उत्तर दिलं असतं तर वर्षभरात स्पेन तरी उतरला असता नाहीतर फ्रान्स. तिनं उत्तर दिलंच नाही. चाळीसेक वर्षं दिलं नाही. तिचं सगळं परराष्ट्र धोरण म्हणजे न दिलेलं उत्तर."

स्पेनच्या राजानं मागणी घातली, तिनं नाही म्हटलं नाही, विचार करते म्हणाली, शेवटी कंटाळून त्यानं फ्रान्सची राजकन्या केली. नेदरलँडचे प्रोटेस्टंट मदत मागायला आले, तिनं वर्षानुवर्षं उघड सैन्य दिलं नाही आणि दारही लावलं नाही. तिचे खलाशी स्पेनची जहाजं लुटायचे, तिचा त्यात वाटा असायचा, आणि स्पेनच्या वकिलासमोर ती कपाळाला हात लावायची. फ्रान्सच्या धाकट्या राजपुत्राला भर दरबारात अंगठी दिली आणि दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला. पोपनं बहिष्कृत केल्यावर ती तुर्की सुलतानाशी आणि मोरोक्कोच्या राजाशी पत्रव्यवहार करायला लागली. मोडलेल्या मठांच्या घंटांचा धातू तिकडे जाई आणि मोरोक्कोतून साखर येई. "त्या साखरेनं तिचे दात काळे पडले," असं तुम्ही म्हणालात तेव्हा कारखान्याच्या कॉलनीतली पोरं खो खो हसली. एक म्हणाला, "मॅडम, मंग ती आपल्याच तालुक्यातली." तुम्हीही हसलात. मी हसले नाही. मला ती राणी मनापासून आवडत नव्हती. ज्या बाईला आपण कोण ते सांगायचं धाडस नाही ती कसली राणी, असं मला वाटायचं.

तेच मी नगरच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलले. दुटप्पी, भित्री, डच बंधू जळत असताना तराजू हातात घेऊन बसलेली. ढाल मिळाली. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी, मी शेजारी, ढाल मांडीवर. राहुरी मागे पडली. मग म्हणालात, "छान बोललीस. आता मला एक सांग. तुझं भाषण झाल्यावर त्या हॉलमधल्या दोन वेगळ्या मताच्या माणसांना एकमेकांशी काही बोलता येईल का?" मी म्हणाले, बोलायचं कशाला, पटलं तर यावं नाहीतर जावं. तुम्ही पिशवीतून ज्येष्ठमधाची पुडी काढून माझ्या हातात ठेवलीत. "घशाला चांगलं असतं," म्हणालात, "आणि चघळताना बोलता येत नाही." मला राग आला होता. पुडी मात्र संपवली.

तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपारही आठवते. परीक्षेच्या आधी मी नोट्स घेऊन बसले आहे, तुम्ही मेथी निवडता आहात, आणि ओट्यावर फादर येतात. सर नुकतेच वारलेत, त्यांच्या नावे मिसा लावायची का ते विचारायला. तुम्ही त्यांना खुर्ची देऊन आत येता तोच मागच्या दारानं पाळकसाहेब येतात, तुम्ही आता एकट्या, तेव्हा मंडळीच्या यादीत नाव रीतसर घालूया म्हणून. तुम्ही त्यांना चुलीजवळच्या पाटावर बसवता आणि माझ्या कानात म्हणता, "स्पेनचा वकील बाहेर, फ्रान्सचा आत. दोघांनाही चहा गरम मिळाला पाहिजे. आणि दोघांपैकी कुणी आधी उठता कामा नये." मी तासभर चहा, पोहे, मग शेवया नेत राहिले. तुम्ही आत-बाहेर करत दोघांनाही सांगत होतात, "विचार करून कळवते हं." फादर गेले तेव्हा ते समाधानी होते. पाळकसाहेब गेले तेव्हा तेही समाधानी होते. मी म्हणाले, बाई, तुम्ही दोघांनाही फसवलंत. तुम्ही म्हणालात, "दोघंही पुढच्या महिन्यात परत येतील. हो म्हटलं असतं तर एकच आला असता."

तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. आता एकेक गोष्ट जुळवत बसते. तुमचं लग्न नगरला कोर्टात झालं, दोन्हीकडच्या लोकांना राग आला आणि दोन्हीकडच्यांना थोडा दिलासाही मिळाला. तुम्ही सातच्या मिसेला जायचात, पण भाकर वाटायची वेळ झाली की कुणाचं तरी रडणारं बाळ घेऊन बाहेर यायचात. दहाच्या उपासनेला पेटी वाजवायचात, पण प्रभुभोजनाच्या रविवारी स्वयंपाकघरात महिला मंडळाच्या चहाचं आधण तुमच्याकडे असायचं. कुठल्याही वेदीवर तुम्ही हात पुढे केलेला मी बघितला नाही. राणीबद्दल तुम्हीच सांगितलं होतं, पहिल्याच नाताळाला धर्मगुरूनं पवित्र भाकर उंच धरली तशी ती उठून निघून गेली. ते तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की आम्ही लिहूनसुद्धा घेतलं नाही.

आणि दवाखाना. फादर आले, मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन. पाळकसाहेब आले, बायबल घेऊन. दोघंही एकाच दुपारी, एकामागून एक. तुम्ही दोन्ही वेळा हात जोडले आणि डोळे मिटून घेतलेत. फादरना वाटलं, बाई थकल्यात. पाळकसाहेबांना वाटलं, बाई प्रार्थनेत आहेत. मला माहीत आहे तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत, कारण ते गेल्यावर एक डोळा उघडून म्हणालात, "गेले का? मग थोडा चहा मागव." शेवटच्या संध्याकाळी तुम्ही उजवा हात जरा उचललात. दाजी दारात होते, त्यांना ती क्रूसाची खूण वाटली. दादा पायाशी होते, त्यांना वाटलं बाई वर बोट दाखवतात, म्हणजे देवाकडे नेणारा मध्यस्थ एकच. ते दोघं आजही तसंच सांगतात. मी उशाशी होते, मला वाटलं तुम्हाला पंखा बंद करायचाय. मी बंद केला. राणी मरत होती तेव्हा दरबाऱ्यांनी विचारलं, तुमच्यामागं गादीवर कोण? तिला बोलता येत नव्हतं, तिनं हातानं काहीतरी केलं म्हणतात. ते काय होतं हे बघणाऱ्यांनी ठरवलं.

तर बाई, आता तुमची विद्यार्थिनी काय करते ते ऐका. भाषण फसल्यावर मी राणीचं धोरण चालवायला घेतलं. पहिल्या रविवारी म्हणाले, आठवून सांगते. दुसऱ्या रविवारी म्हणाले, बाईंची भाची पुण्याला असते, तिला विचारते. विचारलंही. ती म्हणाली, "मावशी? मावशी नाताळला दोन्हीकडचा केक आणायची, एवढं आठवतं." तिसऱ्या रविवारी म्हणाले, जुने कागद बघते. मला वाटलं होतं, दिवस गेले की निधीची मुदत जाईल, चाचा सुप्याला जातील, पाऊस येईल, चर बुजेल. राणीला वादळानं हात दिला होता. स्पेनचं आरमार खडकांवर आपटलं आणि ती शहाणी ठरली. तिनं वेळ काढला आणि वेळेनं तिला राखलं.

माझी वेळ मला राखणारी नाही. चौथ्या रविवारी दादा घरी आले. चहा न घेता दारातच उभे राहिले.

"अक्का, तू बाईंची चाल खेळतीस," म्हणाले. "मी बी त्यांच्याच हाताखाली शिकलो हाय. वळखतो मी."

"मग ओळखलंस तर गप्प बस."

"तुला न्हाई जमायचं ते. बाई बोलायच्या न्हाईत तवा लोकांना वाटायचं, बाई इचार करत्यात. तू बोलत न्हाईस तवा लोकांना वाटतं, अक्का लबाडी करती. तू जिल्हाभर माइकवरून लोकांना इचारत हिंडलीस, हो का न्हाई ते एकदा सांगून टाका म्हनून. आता लोक तुलाच इचारत्यात. राग कशाला येतो?"

मला राग आलाच नव्हता. त्यांचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. वेळ काढण्याच्या मागं आयुष्यभराची पुण्याई लागते, ज्यात दोन्ही बाजूंना कधीतरी आपल्या घरी गरम चहा मिळालेला असतो. माझ्याकडे आहेत फक्त टाळ्या. आणि ही आपली नगरची जमीन. त्याच काळात आपल्या किल्ल्यातल्या बेगमेनं मुघलांना एकदा तटावर लढून परतवलं आणि दुसऱ्यांदा बोलणी करून वाट काढायला बघितली. तर तिच्याच माणसांनी, ही फितूर झाली असं ओरडून, महालात शिरून तिला मारलं. हे तुम्ही अभ्यासक्रमात नसताना शिकवलं होतं. "तिकडची बोलणी करून म्हातारी होऊन मेली," तुम्ही म्हणाला होतात, "इकडचीला बोलणी केली म्हणून मरावं लागलं. फरक दोघींच्या अकलेत नव्हता. ऐकणाऱ्यांच्या धीरात होता." मला वाटतं, बाई, तो धीर तुमच्या पिढीनं कसाबसा जपला आणि आमच्या पिढीनं उधळला. त्यात माझ्यासारख्या बोलणाऱ्यांचा हात मोठा आहे. आम्ही लोकांना ताठ उभं राहायला शिकवलं. नुसतं शेजारी बसून राहणं आम्हाला कमीपणाचं वाटलं.

शेवटचा उपाय म्हणून मी म्हणाले, तुमच्या दोघांच्या कबरींपुरती भिंतीत जागा सोडा. अलीकडून येऊन थांबू दे, पलीकडून सुरू होऊ दे, मधे मोकळं. दाजी म्हणाले, "फट ठेवली की शेरडं येत्यात." दादा म्हणाले, "शेरडं येत्यात, आन् मागनं त्यांच्या मेनबत्त्या बी येत्यात." भिंतीनंतर त्या दोघांचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. मग दाजींनी तोडगा काढला. अक्का सांगत नसतील तर चिठ्ठ्या टाकू.

मी म्हणाले, "दाजी, बाईंच्या नावानं चिठ्ठ्या?"

"त्यात काय? बायबलात बी टाकल्यात."

"टाकल्यात ना. क्रूसाखाली, प्रभूच्या कपड्यांसाठी. शिपायांनी."

दाजी खाली बघायला लागले. दादा हसले, मग त्यांनाही कळलं आणि तेही थांबले. पण ठराव मागं घेतला नाही. उद्या रविवार. मिसा आणि उपासना दोन्ही आटपल्यावर, लिंबाखाली. चाचा सोमवारी सकाळी काम पुरं करून सुप्याला जाणार आहेत, सिमेंट त्यांनी झाकून ठेवलंय.

आज दुपारभर मी मनात दोन्ही भाषणं करून बघितली. बाई कॅथलिक होत्या, असं मी म्हणाले तर भिंत एक हात सरकेल आणि तुम्ही दोघं एका बाजूला याल. सरांच्या शेजारी राहाल. पण मग पुढच्या नोव्हेंबरात तुमच्या कबरीवर मेणबत्ती लागेल ती विजयाची असेल, आणि दादांची नातवंडं तुमच्याबद्दल बोलताना 'त्यांच्यातल्या' म्हणतील. बाई प्रोटेस्टंट होत्या, असं म्हणाले तर भिंत तुमच्या दोघांच्या मधून जाईल, विटेची, गिलाव्याची, वर काचा लावलेली. आणि गप्प राहिले तर एखाद्या लेकराला टोपीतून चिठ्ठी काढायला लावतील. तिन्हींमध्ये भिंत आहे. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून ही माणसं एवढी वर्षं एकाच फाटकातून आत येत राहिली. आता कुठलंही उत्तर दिलं तरी ती परत एका फाटकातून येणार नाहीत, दुसऱ्या फाटकाच्या लोखंडाला रंगसुद्धा देऊन झालाय. मी मोठमोठ्या सभा फिरवल्यात, बाई. ही फिरणार नाही.

हे पत्र कुठं ठेवायचं तेही कळत नाही. कबरीवर ठेवलं तर दुपारच्या आत दोन्ही कमिट्या वाचतील, आणि तुम्ही मिसेला किती वेळा जायचात ते मोजून पुरावा म्हणून पुढे करतील. तेव्हा ते घरातच राहील आणि चुलीत जाईल.

ते चुलीत जाण्याआधी एक कबूल करायचं आहे. काल संध्याकाळी मी एकटीच कबरस्तानात गेले होते. दोन्हीकडून आलेली भिंत, मधे तुम्ही दोघं. महिनाभर मी दादांना, दाजींना, दोन्हीकडच्या पोरांना मनातल्या मनात काय काय बोलले, मेलेल्या बाईला तिचा पंथ विचारता, लाज नाही वाटत का म्हणून. आणि तिथं उभी असताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी वाकले आणि हळू आवाजात विचारलंच, बाई, खरं सांगा, कुणाच्या होता तुम्ही? विचारलं आणि उत्तर येईल अशा आशेनं थांबून राहिले. मला अजूनही ते जाणून घ्यायचं आहे. उद्या लिंबाखाली उभे राहतील त्या सगळ्यांना हवं आहे तितकंच मला हवं आहे. तेव्हा बाई, उद्यापुरतं माझं एवढंच ऐका. मी पुन्हा कितीही विनवलं तरी मला सांगू नका.